धाकटा, सात वेळा

तीर्थस्वरूप वहिनी,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे सध्या पाचच अंगांनी. उरलेली तीन मागाहून.) तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? सकाळची बाटली निळ्या झाकणाची आणि झोपतानाची पांढऱ्या, हे मी चिकटपट्टीवर लिहून दिलं होतं, पण माझं अक्षर वाचायलाच आधी थेंब घालावे लागतात असं दादा म्हणायचा. इकडे आम्ही ठीक आहोत. तुमची जाऊबाई उत्तम आहे, म्हणजे माझ्यावर रोज चिडते, आणि ते तिच्या प्रकृतीला चांगलं मानवतं. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत पूर्वीसारखाच काचा घासतो. पुढे मालक गिऱ्हाइकांना सांगतात की काचा परदेशातून येतात, त्यामुळे गिऱ्हाईक असताना मी आत खोकायचं नाही असा नियम आहे.

पाकिटावर नुसतं 'वहिनी' आणि खाली पत्ता पाहून पोस्टमन हसला असेल, तर माझ्या वतीने त्याला माफ करा. त्याचं असं झालं की पहिल्या पाकिटावर मी इतक्या वर्षांच्या सवयीने 'सौ.' लिहून बसलो. ते फाडलं. दुसऱ्यावर 'श्रीमती'मधला 'श्री' लिहिला आणि पुढे हात चालेना, म्हणून तेही फाडलं. घरात तिसरं पाकीट शेवटचं होतं. त्यावर तुम्ही आमच्या घरात आलात त्या दिवसापासून मी तुम्हाला ज्या नावाने हाक मारतो तेच लिहिलं.

आता मुद्दा. (दादा म्हणायचा, हा मुद्द्यावर येईपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन, कप विसळून, घरी जाऊन झोपलेला असतो.) मुद्दा असा की तुम्ही पाच महिने माझ्याशी बोललेल्या नाहीत. फोन केला की 'हं' आणि 'बरं', आणि दोन्हींच्या मध्ये एवढी शांतता की मला वाटायचं, लाइन गेली. मी तुमच्या जागी असतो तर 'हं'सुद्धा दिला नसता. दादा गेला त्या दिवशी मी उशिरा पोचलो, एवढं मला कळतं. तोंडाने माफी मागणं जमलं नाही, म्हणून मी ठरवलं होतं की दादाने शेवटच्या दिवसांत रचलेली एक चाल गिटारवर वाजवायची, घरीच नीट रेकॉर्ड करायची आणि तुम्हाला पाठवायची, म्हणजे तुम्ही बोलाल. ती चाल मी पाठवत नाहीये. का पाठवत नाहीये ते सांगायला हे पत्र आहे. सगळं क्रमाने सांगतो, कारण एकदम सांगायला गेलो तर मला सांगता येणार नाही.

दवाखान्यातून निघताना तुम्ही दादाचा चष्मा डबीसकट माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, तुम्हीच बनवला होता, तुमच्याकडेच राहू दे. ती डबी मी तीन आठवडे उघडली नाही. मग उघडली, कारण काचा न पुसता चष्मा ठेवून देणं आमच्या धंद्यात बसत नाही. (डाव्या काचेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. मी उजवी पुसली आणि डावी तशीच ठेवली. धंद्याला तेवढा बट्टा लागला.) फडक्याखाली चार घड्या घातलेला एक कागद होता. दवाखान्याच्या कसल्याशा तपासणीचा कागद, आणि त्याच्या पाठीमागे दादाच्या अक्षरात पाच ओळी. आत्या, पुढे दोन उभ्या रेघा. मावशी, एक रेघ. मामी, एक रेघ. थोरली काकू, चार रेघा. आणि सगळ्यात खाली धाकटा, पुढे चार उभ्या, त्यांच्यावरून एक आडवी, आणि बाजूला आणखी दोन. गोदामात तो पोती मोजायचा तशा. म्हणजे सात.

तुम्ही म्हणाल, यात चाल कुठे आली? हे तुम्हाला आम्ही दोघांनी कधीच सांगितलं नाही, कारण लाज वाटायची. आमच्या घरी गिटार आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि दादा पंधराचा. गिटार जुनी, एक खुंटी तुटलेली, आणि ज्याने दिली त्याने दुकानातच उभ्याउभ्या चार पकडी दाखवल्या, म्हणजे डाव्या हाताची बोटं कुठल्या तारांवर कशी दाबायची ते. त्यांची नावंही सांगितली. घरी पोचेपर्यंत दादाच्या बोटांनी पकडी लक्षात ठेवल्या होत्या, आणि नावं लक्षात ठेवायची जबाबदारी माझ्यावर होती, त्यामुळे ती वाटेत सांडली. परत जाऊन विचारायला तोंड नव्हतं. मग दादाने स्वभावावरून नावं दिली. जिच्यात पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा दाबून धरायच्या आणि एकीलाही हूं की चूं करू द्यायचं नाही, ती आत्या. दोनच बोटांत बसणारी, कुठूनही धापा टाकत आलं तरी घरात घेणारी, ती मावशी. जी वाजवली की नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटायचं, ती मामी. आणि जिचा आवाज चार घरं पलीकडे जायचा ती थोरली काकू, याबद्दल तर वादच नव्हता. पुरुषाच्या नावाची एकही पकड नव्हती. आमच्या घराण्यात पुरुष लवकर आटोपतात, त्यामुळे नावं द्यायलाही बायकाच उरतात आणि नावं ठेवायलाही.

एक रेघ म्हणजे तारांवर एक झटका. दादा नवी चाल सुचली की जो हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीमागे अशीच लिहून ठेवायचा, आणि मी ती वाचून वाजवायचो. पुढे त्याला गोदामाची नोकरी लागली, मग तुम्ही आलात, आणि एक दिवस त्याने गिटार माझ्याकडे आणून दिली. माझी बोटं आता पोत्यांची झाली, तू वाजव, मी ऐकतो, एवढंच म्हणाला. मी वाजवत राहिलो. गाणं मला येत नाही, म्हणून नुसती गिटार, शब्दांशिवाय. आणि जे जे घरी रेकॉर्ड केलं ते सगळं त्याला पाठवलं, आणि त्याने ते सगळं ऐकलं. त्याचा निकाल एका शब्दात यायचा. 'लांबलंय.' 'घाई.' एकदा नुसतं 'बरं', आणि त्या 'बरं'वर मी दोन महिने छाती काढून हिंडत होतो, हे तुमच्या जाऊबाईला विचारा.

तेव्हा तो कागद पाहून माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच बघा. इतक्या वर्षांनी दादाला चाल सुचली होती, तीही दवाखान्यातल्या खाटेवर, आणि त्याने ती चष्म्याच्या डबीत ठेवली होती. चष्मा कुठे जाणार हे त्याला माहीत असणार, असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय शेवटची पकड मला माहीत नसलेली, नवीन, आणि तिचं नाव धाकटा. सगळ्या काकू-मावशांनंतर त्याने एका पकडीला माझं नाव दिलं होतं. वहिनी, मी त्या दिवशी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली आणि बागेच्या बाकावर बसून रडलो, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा आनंदही होता.

मग रेकॉर्डिंग सुरू झालं आणि घराचे हाल सुरू झाले. आमच्या दोन खोल्या तुम्हाला माहीत आहेत. आतल्या खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून मी कपड्यांच्या कपाटात बसून वाजवतो. कपडे आवाज पितात. मी आत मावतो, गिटारची मान बाहेर राहते, आणि साड्या डोक्यावर येतात. माईकवर फुंकरीचा आवाज येऊ नये म्हणून त्याला तुमच्या जाऊबाईचा लोकरी मोजा घातलेला असतो. (थंडीत ती तो मोजा मागते तेव्हा आमच्या संसारात कलेचं स्थान काय आहे हे उघड होतं.) रेकॉर्डिंग फोनवरच होतं, म्हणून फोन विमानात बसवावा लागतो, म्हणजे ती विमानाची खूण दाबायची, मग फोन कुणालाच लागत नाही. एकदा ऐन रंगात आलेलं असताना विमा विकणाऱ्या बाईंचा फोन आला आणि माझ्या एका चांगल्या चालीत मधोमध 'सर, दोन मिनिटं आहेत का' असं आहे, तेव्हापासून ही खबरदारी. फ्रीज बंद करावा लागतो, कारण त्याची घरघर माईकला ऐकू येते. पहिल्यांदा फ्रीज बंद केला तेव्हाच मला शोध लागला होता की तोवर मी गिटार फ्रीजच्या सुरात लावत होतो. तो गप्प झाल्यावर मला एकही तार लावता येईना. मग पुन्हा फ्रीज सुरू करायचा, सूर लावायचा, फ्रीज बंद करायचा, कपाटात शिरायचं. तीन रविवार मी फ्रीज पुन्हा सुरू करायला विसरलो. चौथ्या रविवारी तुमची जाऊबाई दुधाचं पातेलं घेऊन कपाटासमोर उभी राहिली, काही बोलली नाही, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये तिचं ते न बोलणं अगदी स्वच्छ आलेलं आहे.

वरच्या मजल्यावर एक पेन्शनर राहतात. त्यांना डॉक्टरांनी खुर्चीवरून पन्नास वेळा उठबस करायला सांगितली आहे आणि ते ती दुपारी करतात. खुर्ची लाकडी आहे. मी रविवारी दुपारी दोन ते साडेचार या वेळेत वाजवतो, कारण तेव्हा इमारत झोपलेली असते, पण ते नसतात. मी वर जाऊन हात जोडले. त्यांनी उठबस साडेचारनंतर करायचं कबूल केलं आणि बदल्यात चाल ऐकवायला लावली. (धाकट्याच्या जागी मी गिटारच्या लाकडावर सात टिचक्या मारल्या.) ऐकून म्हणाले, छान आहे, पण ही पंधरा मात्रांची कशी? मी मोजलं. दोन, एक, एक, चार, सात. पंधराच. कुठल्याही धडधाकट चालीत पंधरा नसतात, निदान मला ठाऊक असलेल्या तरी. मला वाटलं, दादा पहिल्यापासून कुणाच्या मापात न बसणारा, त्याची चालही तशीच. त्या पंधरांवर मी वरून एक धून बसवली. आत्याचे दोन झटके, मग मावशीकडे जरा टेकायचं, मामीवर मन खाली जायचं, काकूवर सगळं भरभरून वर यायचं, आणि मग धाकटा. पण धाकटा कुठे दाबायचा, तेच मला ठाऊक नव्हतं.

दोन महिने मी ती पकड शोधली. दादाने माझं नाव कशाला दिलं असेल, या अंगाने विचार केला. एक तार चुकलेली पकड लावून पाहिली. शेवटच्या बोटाला उगीच तसदी देणारी लावून पाहिली. शेवटी संध्याकाळी गिटार शिकवणाऱ्या एका मास्तरांकडे गेलो. वयाने माझ्या निम्मे, पण मास्तर ते मास्तर. मी म्हटलं, मला आत्या, मावशी, मामी आणि थोरली काकू येतात, फक्त धाकटा येत नाही. त्यांनी मला पाणी दिलं. मग मी वाजवून दाखवल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते म्हणाले, या सगळ्यांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. मी म्हटलं, असतील, पण आमच्या आत्याला अक्षराने हाक मारायची माझी हिंमत नाही. भला माणूस. त्यांनी कागद पाहिला, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, तुम्ही किती वर्षांचे होता? नऊ? मग तुम्हाला काहीच दाबता येत नसेल. धाकटा म्हणजे कदाचित मोकळ्या तारा. डावा हात काढूनच घ्यायचा.

मी घरी येऊन हात काढून घेतला आणि सात झटके दिले. मोकळ्या तारा, काही न दाबलेल्या, कुणाला न धरलेल्या. वहिनी, इतकं बरोबर बसलं ते, की तुमची जाऊबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि कपाटाच्या दाराशी खाली बसली. तिला संगीतातलं काही कळत नाही असं मी गेली कित्येक वर्षं धरून चाललो होतो. ती म्हणाली, हे सात जण वाट बघताहेत असं वाटतंय. मी एकतीस वेळा रेकॉर्ड केलं. एकतिसावं चांगलं आलं. त्यात खुर्ची नाही, फ्रीज नाही, माझं नाक वाजत नाही. ते तुम्हाला पाठवायचं, एवढंच काम राहिलं होतं.

गेल्या आठवड्यात आत्याकडे गेलो होतो, तिचा नवीन चष्मा द्यायला. (आत्या म्हणजे खरी आत्या, पकड नव्हे.) तिच्या दोन्ही काचा मी स्वतः घासल्या होत्या. नंबर अवघड, डावा-उजवा वेगळा, तीन दिवस लागले. चष्मा घालून तिने आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं, मग मला म्हणाली, तू फार म्हातारा दिसायला लागलास. काम चांगलं झालं होतं. मी खुशीत येऊन तिला चाल ऐकवली, पकडींची नावंही सांगून टाकली, आणि यातली पहिली तू आहेस असं म्हणत कागद तिच्या हातात दिला. तिने तो जवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाली, "गाणं कसलं रे हे? ही तर फोनची यादी."

मी हसलो. ती म्हणाली, "अरे, तो गेला त्या रविवारी दुपारी त्याने सगळ्यांना फोन केले. मला दोनदा केला. पहिल्यांदा मला घंटी ऐकूच आली नाही, दुसऱ्यांदा बोललो. मावशी आणि मामी पहिल्या फोनलाच भेटल्या. थोरलीने चौथ्यांदा उचलला, तिचा फोन कपाटात असतो. तिने मला सगळं सांगितलं नंतर." रेघ म्हणजे एकेक वेळ लावलेला फोन. तो गोदामातला माणूस, प्रत्येक खेपेची खूण केल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. मग तिने खालची ओळ पाहिली. बोट ठेवून मोजली. चष्मा अगदी बरोबर झाला होता. "तुला सात वेळा लावला होता होय?" ती म्हणाली. "मग काय म्हणाला रे तुला?"

मी म्हटलं, विशेष काही नाही.

तिथून उठून मी पायी घरी आलो. वाटेत सगळं जुळवलं, आणि जुळवायचं नव्हतंच काही. शनिवारी दादाचा फोन आला होता. दोन दिवसांची देखरेख आहे, सोमवारी सोडतील, उगीच धावत येऊ नकोस, असं म्हणाला होता. मी म्हटलं, उद्या दुपारी रेकॉर्डिंग आहे, ते उरकून संध्याकाळी येतो. त्याने विचारलं, काय वाजवतोयस? मी सांगितलं, सायकल पंक्चर होते त्यावर एक गमतीची चाल आहे. तो हसला. रविवारी दोन वाजता मी फ्रीज बंद केला, फोन विमानात बसवला आणि कपाटात शिरलो. त्या चालीत एका ठिकाणी बोट घसरत होतं. मी तेच पुन्हा पुन्हा वाजवत बसलो. साडेचार होऊन गेल्यावर बाहेर आलो आणि फोन जमिनीवर उतरवला तेव्हा तुमचा एक निरोप दिसला, लवकर या. तेवढाच दिसला. विमानात असलेल्या फोनला दारावर किती वेळा थाप पडली ते कळत नाही, वहिनी. मला त्या सात वेळांतली एकही माहीत नव्हती. मी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते आणि तुम्ही दारात उभ्या होतात. तुम्ही एवढंच म्हणालात, "आलात?"

तुम्ही त्याच्या उशाशी होतात. तो फोन लावत होता, रेघ मारत होता, पुन्हा लावत होता, हे तुम्ही पाहिलं असणार. तुम्हाला वाटलं असेल की मी नाव पाहून उचलला नाही. ते मात्र तसं नव्हतं, हे तुम्हाला कळावं. माहीत नव्हतं म्हणून मी सुटलो असं मी म्हणत नाही. मी त्याला येतो म्हणालो होतो आणि आधी सायकल पंक्चर वाजवायला बसलो. बावीस वर्षं मी जे जे पाठवलं ते त्याने ऐकलं, लांबलेलंसुद्धा शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्याला मला काही सांगायचं होतं त्या दुपारी मी ऐकायला नव्हतो. पुढे चार महिने मी त्याच न उचललेल्या फोनांवर धून बसवली, त्यांना मात्रा समजून मोजलं, लोकांकडून वाहवा घेतली. याहून मूर्ख माणूस आमच्या घराण्यात झाला नसेल, आणि आमच्या घराण्यात स्पर्धा कमी नाही.

म्हणून ती चाल पाठवत नाहीये. आत्याकडून आल्यावर मी ती पुसून टाकली. एकतीसच्या एकतीस. गिटार पिशवीत घालून माळ्यावर ठेवली आहे. तुमच्या जाऊबाईला दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती उठली आणि फ्रीजला टेकून बराच वेळ उभी राहिली. ती न चिडलेली मला सोसत नाही.

तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल. गुडघ्याला शेक देत जा. चष्म्याचा नंबर तपासायची वेळ झाली आहे, वर्ष होऊन गेलं. दुकानात येणं अवघड असेल तर मी तपासायच्या काचांचा डबा घेऊन घरी येईन, दारातून मोजमाप घेऊन जाईन, चहासुद्धा नको. तो कागद तुमचा आहे. हवा असेल तर कळवा, हातात आणून देईन. पोस्टाने पाठवायला धीर होत नाही.

तुमचा दीर

ता. क. — वर मी चाल पुसून टाकली असं लिहिलं आहे, ते खरं नाही. तीस पुसल्या. एकतिसावी आहे. पुसण्याच्या खुणेवर बोट ठेवलं होतं, पण बोट घसरलं नाही. हे कुणाला सांगू नका, विशेषतः आत्याला. तिने थोरल्या काकूला सांगितलं आहे की मी तिच्यावर गाणं केलं, आणि काकू विचारते आहे की तिचे चारच का.

पुन्हा ता. क. — तुमच्या जाऊबाईने पत्र वाचलं. (मी दिलं नव्हतं, तिने घेतलं.) ती म्हणते, एवढी मोठी पानं भरलीस आणि जे विचारायचं ते विचारलंच नाहीस. तिचं बरोबर आहे. चष्म्याचं निमित्त होतं, कागदाचंही निमित्तच होतं.

वहिनी, सातव्यांदाही फोन लागला नाही, तेव्हा तो काय म्हणाला? तेवढं मला लिहा. चिडला असेल तर चिडला होता असं लिहा. शिवी दिली असेल तर शिवीसकट लिहा, मी ती वाचून ठेवीन. पण हसून 'रेकॉर्डिंग चाललं असेल, वाजवू दे त्याला' असं काही म्हणाला असेल, तर मात्र तसं लिहू नका. चिडला होता, असंच लिहा.